चहा पिऊन गेलेला माणूस

2019 च्या दिवाळीआधी आठ दिवस ह्यांचा फोन आला, अनोळखी नंबरवरून. "मी तिथनं बाहेर पडलोय. कोण विचारलं तर तुला काय बी म्हाईत न्हाई म्हण," एवढं बोलून ठेवून दिला. मी करंज्यांचं सारण परतत होते, ते करपलं. त्या दिवसापासून 2024 च्या जानेवारीत मी आणि लेक विमानात बसेपर्यंत सव्वाचार वर्षं गेली. या काळात काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते आहे, कारण आमच्या भागातून अजून माणसं एजंटाला पैसे मोजून परदेशी जातात, आणि फसल्यावरही एक वाट असते हे त्यांच्या घरच्यांना कुणी सांगत नाही. गावाचं नाव घेत नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूचं, चारी बाजूंनी भाताची शेतं, आणि सकाळी आठाच्या आत निम्मा गाव मोटारसायकलीवरून उद्यमबागेत कामाला, एवढं पुरे.

हेही उद्यमबागेतच वेल्डर. हाताला वळण असं की फौंड्रीचे मालक नवीन पोरांना ह्यांच्याजवळ उभं करत. 2017 साली कुणाच्या तरी ओळखीनं मुंबईचा एक एजंट भेटला. अमेरिकेत जहाजं बांधायच्या कारखान्यात काम, महिन्याला दीड लाखावर पगार, दोन वर्षांत ग्रीन कार्ड, मग बायकापोरांना घेऊन जा. खर्च 11 लाख. चार लाख मी काम करत होते त्याच पतसंस्थेतून जमिनीवर काढले, तीन लाख दागिन्यांवर, राहिलेले हातउसने आणि सावकाराकडून. सव्वा एकर जमीन सासूबाईंच्या नावावर. उताऱ्यावर ऋणाच्या रकान्यात बोजा चढला तेव्हा त्यांनी अंगठा दिला आणि विचारलं, "हे कवा पुसायचं?" मी म्हटलं, "दोन वर्षांत."

परवाना असलेल्या एजंटालाही कामगाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, हा आपल्याच सरकारचा नियम आहे. मला तो कळला पैसे देऊन पाच वर्षांनी. दिवसभर दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज तपासणारी मी बाई. लाज वाटते, पण लिहिते. ह्यांना मिळालेला व्हिसा एच-2बी, म्हणजे हंगामी कामाचा, एकाच मालकाला बांधलेला. ग्रीन कार्डाचा त्यात कुठं मागमूस नाही.

तिथली हकीकत हे अजूनही तुकड्यातुकड्यांनी सांगतात. एका ट्रेलरमध्ये चोवीस माणसं, त्याचं भाडं पगारातून कापून. पासपोर्ट 'सांभाळायला' म्हणून मुकादमाकडे. हातात राहायचं त्यात इथलं व्याजही निघायचं नाही. कुणी तोंड उघडलं तर उत्तर ठरलेलं: जायचं तर जा, व्हिसा आमच्या नावावर आहे, उद्या विमानात बसवतो, कर्ज मात्र तुझ्या नावावर आहे. दीड वर्षानं पाच जण मिळून रात्री बाहेर पडले.

दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी आमच्याकडे दोघं आले. एक मुंबईचा, एक जवळपासचाच. चपला दाराबाहेर नीट काढल्या. मुंबईवाल्यानं चहात साखर कमी सांगितली. सोप्यात खुर्चीवर बसून भिंतीवरचा लेकीचा दहावीच्या सत्काराचा फोटो बघत म्हणाला, "हुशार आहे पोरगी. आता कुठं, टिळकवाडीच्या कॉलेजात का? सकाळच्या बसनं जात असंल." मी हो म्हटलं. "साहेबांना सांगा वहिनी, कामावर जा म्हणावं, सगळं मिटतंय. उगाच कुठं काय बोलू नका म्हणावं." चहा संपवला, कप आत आणून ठेवू का विचारलं, आणि गेला. आवाज एकदाही चढला नाही. त्यानंतर दोन महिने लेकीला मी स्वतः बसला सोडायला जात होते, आणि का जाते ते तिला सांगत नव्हते.

ह्यांच्या पाकिटात एक कागद होता. व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत वकिलातीत एक पुस्तिका हातात देतात, कामासाठी जाणाऱ्यांचे हक्क सांगणारी. अमेरिकेच्या 2008 च्या कायद्यानं ती देणं भाग आहे. सगळे जण ती बाहेरच्या कचरापेटीत टाकतात. ह्यांनी मदतीच्या नंबरापुरतं पान फाडून ठेवलं होतं, 1-888-373-7888. का ठेवलं ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या नंबरवर दुभाषा मिळतो, मराठीसुद्धा. तिथून एका मोफत काम करणाऱ्या संस्थेच्या वकीलबाईंकडे गाठ पडली.

त्यांनी पहिल्याच भेटीत 'ह्यूमन ट्रॅफिकिंग' हा शब्द वापरला आणि दुभाष्यानं 'मानवी तस्करी' सांगितलं. हे उठून उभे राहिले म्हणे. रात्री मला फोनवर, "मी काय पळवून नेलेली पोरगी हाय काय? मी माझ्या पायानं गेलोय, सही करून." मलाही तसंच वाटलं. तस्करी चंदनाची, सोन्याची. माणसांची म्हणजे आपण पेपरात वाचतो त्या अभागी पोरींची. पन्नाशीला टेकलेला मिशावाला वेल्डर त्यात कसा बसणार?

वकीलबाईंनी हे समजवायला तीन भेटी घेतल्या. अमेरिकेचा हा कायदा 2000 सालचा. बळ, फसवणूक किंवा धाक वापरून, कर्जात अडकवून माणसाला राबवलं की तो गुन्हा त्यात बसतो. सीमा कशी ओलांडली, कागद खरे होते की खोटे, सही केली होती की नाही, यावर तो ठरत नाही. आपल्याकडेही 2013 च्या दुरुस्तीनंतर तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या 370 कलमात हेच आलं की पीडिताची संमती विचारात घ्यायची नाही. वकीलबाईंनी एक जुनी गोष्टही सांगितली. कतरिना वादळानंतर 2006 च्या सुमारास असेच पाचशेच्या आसपास भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर मिसिसिपी आणि टेक्सासच्या गोदीत नेले होते, ग्रीन कार्डाच्याच आमिषानं. 2015 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीनं त्यांतल्या पाच जणांना एक कोटी 40 लाख डॉलर भरपाई ठरवली. हे ऐकून ह्यांचं म्हणणं एवढंच, की "ते बी वेल्डरच काय?" पण त्या दिवसापासून तो शब्द त्यांनी सोसला.

मला आणखी एक आठवलं. 2013 साली न्यूयॉर्कमधल्या भारतीय अधिकारी बाईंच्या घरकामवालीचं प्रकरण पेपरांत गाजत होतं, तिच्या नवऱ्याला आणि पोरांना अमेरिकेनं तिकडे नेलं म्हणून. पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे त्या कामवालीला नावं ठेवत होतो. मीही. तिचं कुटुंब ज्या व्हिसावर गेलं, त्याच टी व्हिसासाठी, म्हणजे अशा तस्करीच्या बळींना आणि त्यांच्या घरच्यांना अमेरिका देते त्या व्हिसासाठी, आता मी कागद गोळा करत होते.

टी व्हिसाला चार गोष्टी दाखवाव्या लागतात. तुम्ही अशा गुन्ह्याचे बळी आहात. तुम्ही त्याच कारणानं अमेरिकेत आहात. पोलिसांनी वाजवी मदत मागितली तर तुम्ही देता. आणि परत पाठवलं तर तुमचे साधे नव्हे तर विलक्षण हाल होतील. पोलिसांचा दाखला मिळाला तर उत्तम, पण तो सक्तीचा नाही. हे मुद्दाम सांगते, कारण ह्यांच्याबरोबरच्या एकानं 'पोलीस सही देईनात' म्हणून अर्जच करायचा नाही असं ठरवलं होतं. ह्यांनाही सही मिळाली नाही. त्यांनी दिलेल्या जबानीच्या तारखा, तक्रारीची प्रत, अधिकाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार हेच लावलं. अर्जाला फी नाही.

चौथी गोष्ट माझ्या वाट्याला आली. परत आले तर काय होईल ते घरच्या माणसानं लिहायचं. म्हणजे माझं घर, माझं गाव माझ्या नवऱ्याला सुरक्षित नाही, हे मी माझ्या हातानं अमेरिकेच्या सरकारला लिहून द्यायचं. मी पहिल्यांदा लिहिलं ते दीड पान झालं: कर्ज आहे, सावकार त्रास देतात, दोन माणसं येऊन गेली. वकीलबाईंनी विचारलं, "त्यांनी धमकी दिली?" मी म्हटलं, "नाही, तसं काही बोलले नाहीत." ह्यांनीही त्यांच्या जबानीत मुकादमाबद्दल हेच सांगितलं होतं. धमकी नाही दिली, नुसतं सांगितलं. बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ते जे शब्द बोलले ते जसेच्या तसे लिहा. कुठं बसले, काय बघत होते, तुम्ही त्यानंतर काय करायला लागलात, तेही. धमकी होती की नाही ते वाचणारा ठरवेल."

मी पुन्हा लिहायला बसले. चपला लिहिल्या, साखर लिहिली, फोटो लिहिला, सकाळची बस लिहिली. त्या माणसाला बसची वेळ ठाऊक होती, हे मला लिहिताना कळलं. तोवर मी ते स्वतःशीही मान्य केलं नव्हतं. सहा पानं झाली. शंभराचा स्टॅम्प पेपर आणून ठेवला होता, तर बाई म्हणाल्या नको. खोटं असल्यास शिक्षेला पात्र राहीन असं एक वाक्य आणि खाली सही, तारीख. पतसंस्थेत आम्ही चहाच्या बिलावरही शिक्का मारतो. बिनशिक्क्याचा कागद पाठवताना माझा जीव वरखाली होत होता.

पोलिसात अर्ज दे असंही त्यांनी सांगितलं. इथल्या एका ठाण्यात गेले. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे म्हणाले, लिहून आणला. गुन्हा नोंदवला नाही, "कोण काय बोललंच नाही तर काय लिहायचं बाई?" म्हणाले. पण मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. तो शिक्क्याचा कागद पुढं पुराव्यात लागला.

2020 च्या जुलैत, कोरोनाच्या दिवसांतच, अर्ज गेला. मग नुसती वाट बघणं. ते दोघं आणखी दोनदा आले, नंतर येईनासे झाले. 2022 च्या मार्चमध्ये ह्यांना टी-1, म्हणजे खुद्द बळीला मिळणारा टी व्हिसा, मिळाला, चार वर्षांचा, आणि त्याबरोबरच कामाचा परवाना. अशा मुदतीत तीन वर्षं सलग तिथं राहिलं की ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. एजंटानं ज्याच्या नावावर 11 लाख घेतले, त्याची वाट शेवटी त्याच्याविरुद्धच्या जबानीतून निघाली.

वर्षाला 5,000 टी-1 देता येतात, कुटुंबीय त्यात धरत नाहीत. पण कुटुंब म्हणजे कोण? अर्जदार एकवीसच्या वरचा असेल तर नवरा किंवा बायको आणि एकवीसच्या आतली बिनलग्नाची मुलं. आई नाही. सूड उगवला जायचा धोका असेल तर आईवडिलांचंही बघतात, म्हणून वकीलबाईंनी सासूबाईंबद्दल विचारलं. मी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "मी कशाला जाऊ? म्हशीचं कोण बघणार, तुझा अमेरिकेचा सायब?" विषय संपला.

लेक 2022 च्या फेब्रुवारीत एकवीस पूर्ण झाली होती, महिनाभर आधी. माझ्या पोटात गोळा आला. पण ह्यांनी अर्ज केला त्या दिवशी ती एकोणीसची होती आणि वय तिथंच धरतात. फक्त एक अट, लग्न झालेलं नको. आता आमच्याकडे एकविशीची, बी.कॉम. झालेली मुलगी घरात म्हणजे काय ते आमच्या बाजूच्यांना सांगायला नको. चंदगडहून स्थळ आलं, खानापूरहून आलं, निपाणीचा एक बँकेतला मुलगा तर मला मनापासून आवडला होता. नाही म्हणायचं, आणि कारण सांगायचं नाही. वकीलबाईंनी बजावलं होतं की प्रकरण गुप्त आहे, तिकडचं सरकारही कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका. माझी थोरली जाऊ लग्नघरात चार बायकांसमोर म्हणाली, "दादला सोडून गेलाय, आता पोरगीला बी घरात ठिवून घेतलीय, पगार खायाला." मी भात वाढत होते, वाढत राहिले. लेकीनं मात्र ऐकलं, आणि त्या रात्री पहिल्यांदा मी तिला चहा पिऊन गेलेल्या माणसाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. बसस्टॉपवर दोनदा बघितलाय त्याला." तिनंही मला सांगितलं नव्हतं.

आता कागद. आमचं लग्न 1999 चं, नोंदणी कधी केलीच नाही, आणि आता करायची तर नवरा समोर लागतो. मग दुय्यम पुरावे. रेशनकार्ड, फोटो, लग्नाला हजर असलेल्या दोघांचं लेखी निवेदन, आणि लग्नपत्रिका. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत सापडली, हळदीच्या डागासकट. मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी, कन्नड आणि इंग्रजी दोन्ही चांगलं, त्यांना विश्वासात घेतलं. सरकारी भाषांतरकार लागत नाही. दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही केली की चालतं. गुरुजी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' यावर एक संध्याकाळ अडून बसले. मी म्हटलं, तारीख आणि नावं तेवढी घाला. तर म्हणाले, "पूर्ण म्हणून सही करायची आणि श्रीकृपा गाळायची? जमणार नाही." शके 1921 खाली त्यांनी इसवी सन वेगळा लिहिला, आणि वऱ्हाडी मंडळींच्या उतरण्याची सोय सुद्धा इंग्रजीत केली.

जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. आडनावातल्या 'ळ'ला कुठं एक एल, कुठं दोन. ह्यांच्या 2012 च्या पासपोर्टावर जन्मगाव 'बेलगाम', लेकीच्या नव्या पासपोर्टावर 'बेळगावी'. ही दोन वेगळी शहरं आहेत का, असं तिकडून विचारलं. 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं हे मी पत्रात लिहिलं. आमच्याकडे सीमाभागात 1 नोव्हेंबरला काळा दिनही असतो, ते मात्र लिहिलं नाही.

आणि एक रकाना होता: कुटुंबीयांना कुठल्या वकिलातीत कळवायचं? कर्नाटकातली माणसं एरवी चेन्नईच्या हद्दीत येतात. पण वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला सोयीची सांगा. गुरुजी चष्मा काढून हसायला लागले. 1956 पासून आम्हाला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. सुप्रीम कोर्टातल्या 2004 च्या सीमाप्रश्नाच्या खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, त्या एका रकान्यापुरते आम्ही मुंबईत गेलो.

पासपोर्टासाठी पोस्टातल्या केंद्रात दोन चकरा, पोलीस चौकशीला आलेला शिपाई "अमेरिकेला कशाला?" म्हणाला, "नवऱ्याकडे" म्हटलं, त्यानं लिहून घेतलं. 2023 च्या जुलैत आमची मंजुरी आली आणि नोव्हेंबरात मुलाखत. बेळगावहून रात्रीच्या बसनं मुंबई, आदल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुल. एवढ्या तयारीनं गेले होते, सहा पानं पाठ. खिडकीतल्या बाईनं मराठीत विचारलं, लग्न कधी झालं, नवरा आता काय काम करतो. लेकीला विचारलं, लग्न झालंय का. ती "नाही" इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या खिडकीतला माणूस वळून बघायला लागला. पाच मिनिटांत बाहेर. माझ्या व्हिसावर टी-2, तिच्या टी-3.

जाताना एक धास्ती होती. 2014 च्या सुमारास टी व्हिसा असलेल्या भारतीयांचे पासपोर्ट आपल्याच सरकारकडून अडवले जात होते, पुढच्या वर्षी तो आदेश मागं घेतला गेला. वकीलबाईंनी सांगितलं होतं की आता तसं होत नाही, तरी कुणी अडवलं तर लगेच फोन करा. मुंबई विमानतळावर माणसानं व्हिसाचं पान जरा जास्त वेळ बघितलं, शिक्का मारला.

निघायच्या आधीच्या महिन्यात मी एक काम उरकलं होतं. कामाचा परवाना मिळाल्यापासून हे पैसे पाठवत होते. सावकार आधी मिटवला, मग दागिने, शेवटी पतसंस्था. बेबाकी दाखला टाइप करायचं काम माझ्याच टेबलावर असायचं, तेव्हा माझा मीच टाइप केला आणि सहीसाठी आत पाठवला. तलाठ्याकडे अर्ज दिला, बोजा उतरला, नवा उतारा काढून आणला. सासूबाई गोठ्याच्या दारात बसल्या होत्या. मी कागद पुढं धरून ऋणाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"काय लिवलंय हितं?"

"काय नाही."

"मग मला काय दावतीस," म्हणाल्या, आणि म्हशीला वैरण टाकायला उठल्या.